केमिस्ट्रीतली माझी जागा

ईमेल आला तेव्हा मी अल सद्दच्या सुपरमार्केटमध्ये भाजीच्या वजनकाट्यापाशी उभी होते. गुरुवारची दुपार, म्हणजे इथला आठवडा संपलेला, आणि अख्खं दोहा जणू कोथिंबीर न्यायलाच आलेलं. रांगेत उभ्या उभ्या फोन उघडला. पहिली ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग मी जी काही ओरडले, त्याने काट्यावरच्या माणसाच्या हातातली माझी भेंडी खाली सांडली.

“मॅडम, क्या हुआ? सब ठीक?”

“मेरा ट्रान्स्फर हो गया!” मी म्हणाले. “सरकारी युनिव्हर्सिटी में! केमिस्ट्री!”

त्याला काय कळलं देव जाणे. नवऱ्याची बदली झाली असं वाटलं असेल. पण माझा चेहरा बघून तोही हसला, “मबरूक, मबरूक” म्हणत अभिनंदन केलं आणि खाली पडलेल्या भेंडीऐवजी दुसरी ताजी निवडून दिली. मी त्रेचाळीस वर्षांची बाई त्या रांगेत जागच्या जागी उड्या मारत होते आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती.

हे सगळं सुरू झालं माझ्या रागामुळे. आमच्या देवव्रतला बारावीला मार्क बेताचे पडले, त्यामुळे विद्यापीठात थेट प्रवेश मिळेना. मग मार्ग एकच उरला. दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढायची, तिथे नीट अभ्यास करायचा आणि तिथून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात ट्रान्स्फर घ्यायची. प्रवेशाच्या दिवशी हा मुलगा तोंड फुगवून गाडीतच बसला. मी दार उघडून तासभर समजावलं, तर मला म्हणतो, “आई, यू वाँट कॉलेज सो मच, यू गो.”

मी गेले. तरातरा आत गेले आणि काउंटरवरच्या बाईंना विचारलं, माझ्या वयाच्या माणसाला घेता का? त्या म्हणाल्या, घेतो की. रागाच्या भरात लोक भांडी आपटतात, मी ॲडमिशन घेतली. बाहेर येऊन देवूला पावती दाखवली तेव्हा तो इतका घाबरला की निमूट आत जाऊन स्वतःचीही घेऊन आला.

तसा अभ्यासाशी माझा संबंध जुना. नाशिकला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा प्रतापचं स्थळ आलं. प्रताप म्हणजे माझे अहो, गॅस कंपनीत इंजिनियर. त्यांचा कतारचा व्हिसा तयार होता, लग्न घाईत उरकलं आणि परीक्षा राहिली. पुढे बाहेरून बी.ए. करायला घेतलं, तर आमची दूर दुखानच्या कंपनी वसाहतीत बदली झाली. मग इथल्या शाळेत नोकरी लागली, तर देवूची दहावी आली. प्रत्येक वेळी सोडायचं कारण चांगलंच असायचं, तीच तर पंचाईत.

आमच्या कॉलेजात मुलंमुली एकाच वर्गात, त्यामुळे मी आणि माझा मुलगा एकाच वर्गात बसायचो. पहिला महिनाभर त्याने मला ओळख दाखवली नाही. परीक्षा जवळ आली तसा नोट्स मागायला लागला. लॅबमध्ये मात्र माझी जोडी जमली लवीनाशी. वसईची पोर, देवूच्याच वयाची, आई इथे हॉस्पिटलात नर्स. बोलायला लागली की तिला थांबवायला फायर अलार्मच वाजावा लागायचा. भर वर्गात, प्रोफेसरांसमोर मला “ओ आंटी” म्हणून हाक मारायची.

लॅब मला किती आवडायची हे सांगायलाच हवं. उभ्या काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडायचा आणि खालच्या फ्लास्कमध्ये रंग बदलायची वाट बघायची. नेमका फिकट गुलाबी रंग आला की तोटी बंद करायची. एक थेंब जास्त झाला तर सगळं भडक होऊन वाया जातं. देवूचं कायम भडक व्हायचं, आणि माझं नेमकं तिथेच थांबायचं. लवीना म्हणायची, “आंटी, तुमचा हात बघा, जराही हलत नाही.” घरी पोळ्या लाटताना असं मला कधी कोणी म्हणालं नव्हतं.

तर त्या गुरुवारी मी पिशव्या घेऊन गाडीपाशी आले तेवढ्यात देवूचा मेसेज आला. “वेटलिस्टेड. नंबर वन.” केमिस्ट्रीलाच त्यानेही अर्ज केला होता, कारण बाबांना तो गॅस कंपनीत हवा होता. मी भेंडी डिकीत ठेवली आणि तशीच उन्हात उभी राहिले. माझा आनंद कुठेही गेला नव्हता, पण आता तो जरा लपवून घरी न्यावा लागणार होता.

प्रताप माणूस वाईट नाही. संध्याकाळी माझी बातमी ऐकून त्यांनी खरंच मनापासून अभिनंदन केलं. स्वतः उठून फ्रीजमधून आम्रखंड काढलं आणि वाट्या भरल्या. मग चमचा खाली ठेवून म्हणाले, “आता आपण लॉजिकली बघू.”

‘लॉजिकली’ हा शब्द आमच्या घरात आला की पुढचं माझ्याच अंगावर येतं, हा बावीस वर्षांचा अनुभव.

“ट्रान्स्फरच्या जागा मोजक्या,” प्रताप म्हणाले. “तू आत आहेस. देवू वेटिंगला पहिला. तू जागा सोडलीस की ती सरळ देवूला. त्याचं वर्ष वाचतं. तू काय, पुढच्या वर्षी जाशील. तुला कुठे नोकरीची घाई आहे?”

“बाबा, ॲक्च्युअली इट्स नॉट लाइक—” देवू म्हणाला.

“देवू, मोठी माणसं बोलतायत ना?”

देवू आम्रखंड खाऊ लागला.

“बघू,” मी म्हणाले. मी ‘बघू’ म्हटलं की घरात सगळे ‘हो’ समजतात. त्यांचीही चूक नाही, आजवर तसंच होत आलंय.

शुक्रवारी कोमलकडे जेवण होतं. कोमल पुण्याची, आमच्याच बिल्डिंगमधली, आणि महिन्यातून एकदा तिच्या घरी सगळी मराठी मंडळी जमतात. आम्ही पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. नुसती बातमीच नाही, निर्णयसुद्धा. मी आत पाऊल टाकलं तर कोमलने मला मिठीच मारली.

“आईचं काळीज ते शेवटी,” ती सगळ्यांना म्हणाली. “स्वतःची सीट मुलाला देतेय! आपल्यातलं कोण करेल असं?”

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. कोणाचे तरी डोळे भरून आले. माझी आरती ओवाळायचीच तेवढी बाकी होती. मी अजून काहीही दिलं नव्हतं, पण माझ्या त्यागाचं जेवण चालू झालं होतं आणि मलाच वाढण्याचा आग्रह होत होता.

“कोमल मावशी, द थिंग इज—” देवूने पुन्हा तोंड उघडलं.

“घे रे, लाजू नकोस,” म्हणून कोमलने त्याच्या ताटात तुपाची पुरणपोळी वाढली, तीही त्याचा घास संपायच्या आत. देवूने माझ्याकडे हताशपणे बघितलं. मला वाटलं, पोळी जास्त झाली असेल.

शनिवारी लवीनाचा फोन आला. मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

“आंटी, मार्विनने सांगितलं मला. त्याला देवव्रत बोलला. तुम्ही सीट सोडताय म्हणे?” मार्विन तिचा भाऊ, देवूबरोबर फुटबॉल खेळतो. “हलायचं नाही हां जागेवरून! मी सांगून ठेवते.”

“अगं, पण मुलाचं वर्ष जातंय.”

“ते त्याचं तो बघेल. तो काय बाळ आहे? तुम्ही प्रॉमिस करा.”

“आणि तुझं काय झालं? मेल आला?”

“माझं होईल ओ. इन्शाल्ला. माझं सोडा तुम्ही. प्रॉमिस करा आधी.”

मी प्रॉमिस केलं नाही. फोन ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. मला ती जागा हवी होती. देवूपेक्षा जास्त हवी होती की कमी, हे मला मोजता येत नव्हतं. पण हवी होती, एवढं नक्की. मुलाचा विचार मनात आला की रडू यायचं आणि लॅबचा विचार आला की हसू यायचं, आणि ही दोन्ही कामं माझं शरीर एकाच वेळी करत होतं.

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, प्रतापनी अर्धा दिवस सुट्टी टाकली. मूळ कागदपत्रं दाखवून, जागा घेताय की सोडताय ते सही करून सांगायचं होतं. देवूलाही मुलांच्या इमारतीत कागद दाखवायचे होते, म्हणून तो मागच्या सीटवर बसला. गाडीत प्रताप मला समजावत होते. “बोलायचं सगळं मी बोलतो. तू फक्त सही कर.” कतारला आल्यापासून कुठल्याही ऑफिसात माझ्या वतीने तेच बोलतात. माझा लायसन्सचा फोटोसुद्धा कसा यावा हे त्यांनीच सांगितलं होतं.

पण विद्यापीठात मुलींचा कॅम्पस वेगळा. गेटपाशी पोचलो तर गार्डबाईने हात आडवा केला.

“सर, लेडीज ओन्ली.”

“शी इज माय वाइफ,” प्रताप म्हणाले. “ऑल हर पेपर्स आर विथ मी.”

“गिव्ह हर द पेपर्स, सर.”

प्रतापनी गेटमधून आत एकदा बघितलं. मग त्यांनी फाइल माझ्या हातात दिली. “काय बोलायचं ते लक्षात आहे ना?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली आणि आत गेले.

आत गेले आणि माझं मांजर झालं. प्रत्येक दारात थांबून डोकावत होते. थंडगार लांब कॉरिडॉर, मुलींची गडबड, कोणाच्या लांब काळ्या अबायाखाली पांढरे स्पोर्ट्स शूज, कोणाच्या हातात कॉफी. आणि एका काचेमागे लॅब. ओळीने लावलेल्या काचेच्या नळ्या, इतक्या की आमच्या कॉलेजात सगळ्या वर्गाला मिळून तेवढ्या नव्हत्या. मी काचेला नाक लावून उभी राहिले. एक मुलगी आतून हसली तेव्हा भानावर आले.

ऑफिसात तसनीम नावाची तरुण अधिकारी होती. कागद पाहिले, नाशिकची जुनी मार्कशीट उलटून बघितली, छान हसली.

“सो, आर यू टेकिंग द सीट ऑर लीव्हिंग इट?”

उत्तर तयार होतं. तीन दिवस सगळ्यांनी मिळून माझ्याकडून ते पाठ करून घेतलं होतं. मी तोंड उघडलं.

“घेतेय,” मी म्हणाले.

“सॉरी?”

“आय ॲम टेकिंग इट!” माझा आवाज इतका मोठा निघाला की शेजारच्या टेबलावरच्या दोघी वळून बघायला लागल्या. तसनीमने पेन दिलं. देवूचा चेहरा डोळ्यांसमोर आला, त्याच्या लहानपणीचा, ताप आलेला असताना दिसायचा तसा. मला रडू येणार असं वाटलं, पण हात हलला नाही. लॅबमध्ये हलत नाही तसाच. मी सही केली.

बाहेर आले तर कॉरिडॉरच्या बाकावर लवीना. मांडीवर फाइल, केस विस्कटलेले. मला बघून ताडकन उठली.

“आंटी! सोडली?”

“घेतली.”

तिने जी किंकाळी फोडली ती सुपरमार्केटमधल्या माझ्या किंकाळीच्या वरताण होती. मला गच्च धरून तिने गोल गोल फिरवलं, माझी चप्पल निघाली. आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत होतो.

“अगं, पण तू इथे कशी? तुझं काय झालं ते सांग आधी.”

“वेटिंग. कागद दाखवायला बोलावलंय.” ती चप्पल उचलायला वाकली. “नंबर वन.”

“नंबर वन कशी असशील? नंबर वन तर देवू आहे.”

लवीना वाकलेलीच राहिली. मग हळूच वर बघून म्हणाली, “आंटी, मुलांची लिस्ट वेगळी असते. मुलींची वेगळी. जागापण वेगळ्या. तुम्ही सोडली असती ना, तर देवव्रतला काहीच मिळालं नसतं.”

“मग कोणाला मिळाली असती?”

तिने अंगठा स्वतःच्या छातीकडे वळवला. हसत होती, पण नाक लाल झालं होतं.

मी बाकावर बसले. “आणि तू मला काल फोनवर शपथा घालत होतीस, हलू नका म्हणून? अगं, लिस्ट वेगळी आहे एवढं तरी सांगायचंस!”

“सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, मुलींच्यात पहिली कोण. मला नाही खोटं बोलता येत.” तिने चप्पल माझ्या पायाशी ठेवली. “मग तुम्ही माझ्यासाठी सोडली असती. तुम्हाला सोडायला कोणीपण चालतं, आंटी.”

 बी.एस्सी., बी.ए., शाळेची नोकरी, सगळं तिला मीच लॅबमध्ये गप्पा मारताना सांगितलेलं. मी तिला जवळ घेतलं आणि तिच्या त्या विस्कटलेल्या केसांचा एक मुका घेतला. वीस वर्षांची पोर मला ओळखून होती आणि मी तिला नुसती बडबडी समजत होते.

बाहेर प्रताप गाडीच्या सावलीत घाम पुसत उभे होते. देवू आत एसीत.

“झालं?” प्रतापनी विचारलं.

“झालं.”

“मग? देवूला कधी कळवणार म्हणाले?”

“मी जागा घेतली,” मी म्हणाले.

आम्ही गाडीत बसलो. प्रतापनी गिअरवर हात ठेवला, पण गाडी काढलीच नाही. दोन लिस्ट वेगळ्या आहेत हे माझ्या तोंडाशी आलं होतं. एक वाक्य टाकलं असतं की सगळं हलकं झालं असतं. पण मी नाही बोलले. आधी नुसतं एवढंच त्यांच्यापर्यंत पोचू दे, असं मला वाटलं. एसी घोंघावत होता. प्रताप समोरच्या काचेतून रिकाम्या पार्किंगकडे बघत होते.

“बाबा, आता मी बोलू?” मागून देवू म्हणाला. मराठीत. आम्ही दोघंही वळलो.

“दोन वेगळ्या लिस्ट आहेत. मुलांची आणि मुलींची. आईच्या सीटचा माझ्या सीटशी काही संबंध नाही. मी गुरुवारपासून हेच सांगतोय, पण मला कोणी बोलूच देत नाही. कोमल मावशीने तर तोंडात पोळी कोंबली.”

प्रतापनी डोळे मिटले, उघडले. मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम सुटल्यासारखं हसू आलं. “अस्सं! म्हणजे सरोज, आत तुला हे सांगितलं त्यांनी. म्हणून तू घेतलीस.”

सोपं होतं. ‘हो’ म्हटलं असतं की खलास. आम्ही तिघं हसत घरी गेलो असतो आणि कोमलला सांगायला एक छान किस्सा झाला असता.

“नाही,” मी म्हणाले. “घेतली तेव्हा मला माहीत नव्हतं.”

प्रताप माझ्याकडे बघत राहिले. मी नजर खाली घातली नाही. मागे देवूने फोन बाजूला ठेवला.

“तुझी नाशिकची परीक्षा,” प्रताप म्हणाले. “पुढच्या वर्षी दे, असं मीच म्हणालो होतो ना?”

“हो.”

“लॉजिकली,” ते म्हणाले, आणि स्वतःच कसंनुसं हसले.

“गुड फॉर यू, आई,” देवू म्हणाला. मग जरा थांबून, “पण तू मला नोट्स देणार ना?”

मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते नक्की कशाचं हे मी शोधत बसले नाही. देवू त्याच्या इमारतीत कागद दाखवून आला, मग प्रतापनी गाडी थेट करक, म्हणजे इथल्या दुधाळ कडक चहाच्या टपरीवर घेतली. तीन कप सांगताना म्हणाले, “आज ही सांगेल साखर किती ते.”

देवूची लिस्ट हलली नाही. तो जानेवारीत पुन्हा अर्ज करणार आहे, आणि यावेळी अर्ज केमिस्ट्रीचा असेल की नाही हे त्याने बाबांना पूर्ण वाक्यात सांगितलंय. मुलींमधली प्रवेश मिळालेली एकजण मणिपालला गेली आणि लवीनाची जागा झाली. तिचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते, लाटणं हातात घेऊनच मी बाल्कनीपर्यंत धावले.

पहिल्या दिवशी प्रताप सोडायला आले. गेटपाशी मी उतरले तर तेही उतरले, डबा माझ्या हातात दिला आणि आडव्या हाताची वाट न बघता स्वतःच मागे सरकले. मी आत शिरले आणि चक्क पळाले.

लॅबमध्ये मला उशीरच झाला होता. लवीनाने शेजारच्या स्टुलावर स्वतःची बॅग ठेवली होती. एक मुलगी येऊन इंग्रजीत विचारत होती, इथे कोणी बसलंय का?  लवीना दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघत होती, भुवया वर करून.

“हो,” मी दारातूनच सांगितलं. “ती जागा माझी आहे.”